आफ्रिकेतल्या पेशंटचा आतड्याचा कॅन्सर आणि युरोपात आखलेली ‘नॉर्मल’ची रेघ

सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची यादी नव्याने काढली आणि त्यात पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं (आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढू देणारं) औषध मोठ्या आतड्याच्या एका विशिष्ट प्रकारच्या, पसरलेल्या कॅन्सरसाठी घातलं. बातमी आली आणि गेली. पण हा विशिष्ट प्रकार कोणाला आहे नि कोणाला नाही हे वरून दिसत नाही, स्कॅनमध्ये पण कळत नाही, त्यासाठी गाठीच्या तुकड्यावर वेगळी टेस्ट करावी लागते. आणि पश्चिम आफ्रिकेत, म्हणजे नायजेरिया नि घानामध्ये, जे थोडेफार अभ्यास झालेत त्यात हा प्रकार अमेरिकेपेक्षा बराच जास्त सापडलाय. ज्यांना या औषधाचा उपयोग होण्याची शक्यता जास्त, त्यांच्याच देशांत ही टेस्ट करायला माणसं, मशीन आणि पैसे कमी. मला हा विषय लिहावासा वाटला तो यासाठी.

दुसरं कारण असं की ‘इम्यून बायोमार्कर’ हा शब्द आता रिपोर्टांत, जाहिरातींत, व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरतोय आणि त्याचा अर्थ कोणी नीट सांगत नाही. त्यातले काही मार्कर जगातल्या कुठल्याही माणसात सारखेच वाचता येतात आणि काही अजिबात येत नाहीत, हा फरक तर डॉक्टर मंडळींच्या बोलण्यातही क्वचित येतो.

बायोमार्कर म्हणजे नक्की काय

शरीरात मोजता येईल अशी खूण, जिच्यावरून आजार कसा वागेल किंवा कुठलं औषध लागू पडेल याचा अंदाज येतो, ती बायोमार्कर. शुगरवाल्यांचं एचबीए१सी ही तशीच खूण. ‘इम्यून’ बायोमार्कर म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीशी संबंधित खुणा, की बाबा गाठीच्या आत संरक्षक पेशी शिरल्यात का, किती शिरल्यात, त्या काम करतायत का गप्प बसल्यात, आणि गाठ त्यांच्या नजरेत भरण्यासारखी आहे का.

मोठं आतडं आणि गुदाशय (डॉक्टर ज्याला रेक्टम म्हणतात तो शेवटचा भाग) यांचा कॅन्सर जगात रुग्णसंख्येत तिसरा आणि मृत्यूंत दुसरा आहे. २०२२ मध्ये जगभरात १९ लाखांहून जास्त नवे पेशंट आणि सुमारे ९ लाख मृत्यू. आफ्रिकेत हा आजार होतच नाही असं बरीच वर्षं मानलं जायचं. युगांडात कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये काम केलेले आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांनी १९७१ च्या सुमारास लिहून ठेवलं की इथल्या लोकांत आतड्याचा कॅन्सर फार कमी दिसतो आणि त्याचं श्रेय भरपूर चोथा असलेल्या जेवणाला असावं. निरीक्षण त्या काळापुरतं बरोबरच होतं. पण त्यानंतर शहरं वाढली, खाणं बदललं, आणि आता आकडे चढतायत. शिवाय जिथे कोलोनोस्कोपीच मिळत नाही तिथे किती पेशंट निदानाशिवायच गेले असतील, ते तर कुठल्याच मोजणीत येत नाही.

गाठीत शिरलेल्या पेशी

आपल्या रक्तात टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीरभर फिरतात, प्रत्येक पेशीच्या अंगावरची प्रथिनं तपासतात आणि अनोळखी काही दिसलं की ती पेशी मारतात. कॅन्सरची पेशी मुळात आपलीच असते, म्हणून ती अनोळखी वाटेलच असं नाही. आणि वाटली तरी ती टी-सेलवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक दाबून तिला थांबवू शकते. हा पीडी-१ जपानच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये शोधला. अशाच दुसऱ्या एका ब्रेकवर अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांनी काम केलं आणि दोघांना मिळून २०१८ चं नोबेल मिळालं. पेम्ब्रोलिझुमॅब करतं ते एवढंच, की हा ब्रेक दाबू देत नाही. टी-सेल मुळात गाठीपर्यंत पोचलेल्याच नसतील तर ब्रेक सोडून काही होत नाही.

म्हणून गाठीत टी-सेल किती आहेत हे मोजणं आलं. पॅरिसच्या जेरोम गॅलों यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की आतड्याच्या कॅन्सरमध्ये गाठीच्या मध्यभागी आणि कडेला टी-सेलची दाटी असेल तर पेशंट जास्त जगतात, आणि हा अंदाज नेहमीच्या स्टेजपेक्षा सरस ठरू शकतो. यातून ‘इम्युनोस्कोअर’ निघाला. दोन प्रकारच्या टी-सेलना रंग देऊन दोन ठिकाणी मोजायचं आणि एक गुण काढायचा. २०१८ मध्ये याची मोठी पडताळणी छापून आली, १३ देशांतली १४ केंद्रं आणि अडीच हजारांवर पेशंट, त्यात आपल्याकडचं अहमदाबादचं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटही होतं.

छापखान्यातला मुद्रितशोधक

आता त्या ‘विशिष्ट प्रकाराकडे’ येऊ. लेखाचा जीव इथे आहे म्हणून जरा सावकाश घेतो.

पेशी दुभंगते तेव्हा तिला आपला तीन अब्ज अक्षरांचा डीएनए नव्याने उतरवून काढावा लागतो. इतकं मोठं हस्तलिखित छापलं तर चुका होणारच, म्हणून पेशीत मुद्रितशोधक बसवलेले असतात. छापलेलं पान ते मुळाशी ताडून बघतात आणि चुकलेलं अक्षर दुरुस्त करतात. या कामाची चार मुख्य प्रथिनं आहेत: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. सगळ्यांना मिळून एमएमआर म्हणतात.

यातलं एखादं गायब झालं की चुका तशाच छापून जातात. सगळ्यात जास्त चुका होतात जिथे एकच अक्षर ओळीने दहा-वीस वेळा आलेलं असतं, कारण तिथे ‘क’ दहादा होता की अकरादा हे खिळे जुळवणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही. डीएनएच्या अशा एकसुरी तुकड्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात आणि त्यांची लांबी डळमळीत झाली की रिपोर्टमध्ये ‘एमएसआय-हाय’ असं लिहून येतं. एमएमआर गेलेलं आणि एमएसआय-हाय, या साधारण एकाच गोष्टीच्या दोन बाजू, एक कारण आणि दुसरा परिणाम.

इथे प्रतिकारशक्तीचा संबंध काय? तर असा, की चुकीच्या मजकुरावरून चुकीची प्रथिनं तयार होतात, शेकड्यांनी होतात, आणि ती टी-सेलना सरळसरळ परकी दिसतात. म्हणून या गाठींत टी-सेलची गर्दी असते आणि गाठ फक्त ब्रेक दाबून तग धरून असते. ब्रेक सोडवला की टी-सेल कामाला लागतात. हे पोकळ आश्वासन नाही. २०१७ च्या मे महिन्यात औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने पेम्ब्रोलिझुमॅबला मान्यता दिली ती गाठ कुठल्या अवयवाची हे न बघता, फक्त ही खूण आहे का एवढं बघून. असं त्याआधी कधी झालं नव्हतं. पुढे कीनोट-१७७ नावाच्या चाचणीत, पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ही खूण असलेल्या ३०७ पेशंटपैकी काहींना केमो दिली आणि काहींना हे औषध. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मधला काळ केमोवर ८.२ महिने निघाला, औषधावर १६.५ महिने.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये तर याहून पुढची गोष्ट घडली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये अँड्रिया सर्सेक यांच्या टीमने हीच खूण असलेल्या, अजून न पसरलेल्या गाठींना दोस्टार्लिमॅब हे याच जातीचं औषध सहा महिने दिलं. २०२२ मध्ये १२ पैकी १२ जणांची गाठ दिसेनाशी झाली, ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. २०२५ मध्ये हा आकडा ४९ पैकी ४९ झाला. गुदाशय काढल्यावर पुष्कळांना पोटाला कायमची पिशवी लावून जगावं लागतं ते ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना याची किंमत सांगायला नको.

नायजेरियात काय सापडलं

नायजेरियात इले-इफे नावाचं जुनं शहर आहे, तिथे ओबाफेमी अवोलोवो विद्यापीठ आहे. तिथले सर्जन इसाक अलाटिसे आणि न्यूयॉर्कचे पीटर किंगहॅम यांनी मिळून आफ्रिकन रिसर्च ग्रुप फॉर ऑन्कोलॉजीच्या जाळ्यातून नायजेरियन पेशंटच्या गाठी गोळा केल्या. पेशंट निवडून घेतले नाहीत, आले तसे घेतले, आणि गाठींचं जनुकीय वाचन केलं. २०२१ मध्ये निकाल छापून आला.

नायजेरियन पेशंटमध्ये एमएसआय-हायचं प्रमाण २८.१ टक्के. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलास या गाठींच्या जनुकीय माहितीच्या मोठ्या साठ्यात ते १४.२ टक्के आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या पेशंटमध्ये ८.५ टक्के. म्हणजे दुप्पट ते तिप्पट. ज्या गाठींत ही खूण नव्हती त्याही वेगळ्याच निघाल्या. आतड्याच्या कॅन्सरची सुरुवात एपीसी जनुकातल्या बिघाडाने होते असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं, तो बिघाड न्यूयॉर्कमध्ये ७६ टक्के गाठींत होता तर नायजेरियात ३९.१ टक्के. पेशंट वयाने तरुण होते आणि निम्म्यांची गाठ गुदाशयात होती. त्याआधी २०१३ मध्ये घानातल्या एका अभ्यासातही एमएसआय-हाय चाळीस टक्क्यांच्या आसपास आलं होतं.

हे आकडे वाचून लगेच बेरजा-गुणाकार करायचा मोह होतो, की २८ टक्क्यांना खूण आहे आणि निम्म्यांना गुदाशयाचा आहे तर इतक्या लोकांचं ऑपरेशन टळेल. तसं करता येत नाही. इतर देशांत ही खूण आतड्याच्या उजव्या बाजूच्या गाठींत जास्त आणि गुदाशयात कमी असते, आणि पसरलेल्या आजारात तर ती चार-पाच टक्क्यांवर येते. नमुनेही लहान आहेत. पण आकडा थोडा खाली आला तरी नायजेरियातल्या प्रत्येक गाठीची ही टेस्ट व्हायला हवी हे बदलत नाही.

मग आफ्रिकन अमेरिकन लोकांवर केलेले अभ्यास चालणार नाहीत का?

हा प्रश्न नेहमी येतो. अभिनेता चॅडविक बोसमन २०२० मध्ये ४३ व्या वर्षी याच कॅन्सरने गेला तेव्हा कृष्णवर्णीयांमधल्या आतड्याच्या कॅन्सरवर खूप लिहिलं गेलं आणि त्यात अमेरिकेतले नि आफ्रिकेतले लोक सर्रास एकाच पिशवीत घातले गेले.

याचं सगळ्यात चांगलं उत्तर एका प्रयोगात आहे. पिट्सबर्गचे स्टीफन ओकीफ यांनी २० आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल भागातले २० खेडूत घेतले आणि दोन आठवडे त्यांचं जेवण अदलाबदल केलं. अमेरिकनांना मक्याच्या-कडधान्यांच्या वळणाचं, चोथ्याने भरलेलं खाणं, आणि खेडूतांना मांस नि चरबीवालं अमेरिकन खाणं. आधी आणि नंतर कोलोनोस्कोपी करून आतड्याच्या अस्तराचे तुकडे घेतले. २०१५ मध्ये निकाल आला. अवघ्या दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या अस्तरातल्या दाहाच्या खुणा उतरल्या आणि खेडूतांच्या चढल्या. आतड्यातले जंतू चोथ्यापासून ब्युटिरेट नावाचं जे उपकारक रसायन बनवतात तेही एकीकडे वाढलं, दुसरीकडे घटलं. आणि दाह मोजण्यासाठी ज्या पेशी मोजल्या त्यात टी-सेलही होत्या, म्हणजे वर सांगितलेला इम्युनोस्कोअर ज्यांच्यावर उभा आहे त्याच जातीच्या.

मूळ एकाच खंडातलं असलेल्या दोन गटांत आतड्यातल्या संरक्षक पेशी पंधरा दिवसांच्या जेवणाने हलतात, तर ‘आफ्रिकन वंशाची इम्युनिटी’ अशी एकच गोष्ट गृहीत धरण्यात काही अर्थ राहत नाही. जनुकं आहेतच, पण सोबत खाणं आहे, आतड्यातले जंतू आहेत, लहानपणापासून झालेले संसर्ग आहेत, मलेरिया आहे. इजिप्तमध्ये तर चित्र आणखीनच वेगळं, तिथल्या जुन्या नोंदींत आतड्याच्या कॅन्सरचे साधारण एक तृतीयांश पेशंट चाळिशीच्या आतले आहेत. लागोस, कैरो आणि केप टाऊनला एका शब्दात बसवणं हीच पहिली चूक.

रक्ताच्या साध्या टेस्टमधला घोळ

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, कारण हा घोळ कुठल्याही गरीब देशात रोज होऊ शकतो.

गाठीवरच्या टेस्ट महाग म्हणून डॉक्टर स्वस्तातला पर्याय शोधतात आणि तो साध्या सीबीसीमध्ये असतो. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर काढायचं, ज्याला एनएलआर म्हणतात. न्यूट्रोफिल जास्त म्हणजे शरीरात दाह जास्त, लिम्फोसाइट कमी म्हणजे कॅन्सरशी लढणारे कमी, म्हणून गुणोत्तर वाढलं की भवितव्य वाईट असं ढोबळ गणित. कुठे ३ ची रेघ, कुठे ५ ची. शंभर-दोनशे रुपयांत इम्यून बायोमार्कर हातात, कोणालाही मोह होईल.

पण पश्चिम आफ्रिकेतल्या जवळजवळ सगळ्या लोकांच्या लाल पेशींवर ‘डफी’ नावाचं प्रथिन नसतं. एका जनुकातल्या एका अक्षराचा फरक. डफी नसलं की व्हायवॅक्स मलेरियाचा जंतू लाल पेशीत सहजी शिरू शकत नाही, म्हणून हा बदल तिथे पिढ्यानपिढ्या टिकला आणि पसरला. त्याच बदलामुळे रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिलची संख्या कमी असते. माणूस ठणठणीत असतो, इन्फेक्शन जास्त होत नाही, फक्त मोजणीत आकडा कमी येतो. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा साधारण १५०० छापलेली असते आणि यातल्या कित्येकांचा रोजचा, निरोगी आकडाच त्याखाली असतो.

कल्पनेतले दोन पेशंट घ्या. जर्मनीतल्या माणसाचे न्यूट्रोफिल ४०००, लिम्फोसाइट २०००, गुणोत्तर २. कॅन्सरमुळे दाह वाढून न्यूट्रोफिल दुप्पट झाले, गुणोत्तर ४, ३ ची रेघ ओलांडली, डॉक्टर सावध. नायजेरियातल्या इबादान शहरातल्या माणसाचे मुळात १६००, लिम्फोसाइट तेच २०००, गुणोत्तर ०.८. त्याच्याही शरीरात दाह तसाच दुप्पट झाला, न्यूट्रोफिल ३२००, गुणोत्तर १.६. रेघेच्या बरंच खाली. कागद सांगतो सगळं छान आहे. आजार तेवढाच, पण एकाचा धोका दिसला, दुसऱ्याचा लपला.

उलटा फटकाही बसतो. केमोचा पुढचा डोस देण्याआधी न्यूट्रोफिल १५०० च्या वर हवेत असा नियम अनेक ठिकाणी पाळतात, आणि नव्या औषधांच्या चाचण्यांत भरती करतानाही हाच आकडा लावतात. डफी नसलेल्या माणसाचा डोस विनाकारण पुढे ढकलला जातो, कधी कमी केला जातो, आणि चाचणीच्या दारातूनच त्याला परत पाठवलं जातं. मग पुढच्या पिढीचा बायोमार्कर ठरवताना त्यात आफ्रिकेतली माणसं कमी असतात, रेघ पुन्हा तशीच आखली जाते. हे मला फार लागतं. यात कोणाचा वाईट हेतू नाही, फक्त कोणी ती १५०० ची रेघ कुठून आली हे विचारलं नाही.

महागड्या टेस्टही सुटलेल्या नाहीत

जनुकीय वाचनातून गाठीत एकूण किती बदल आहेत ते मोजतात, डीएनएच्या दर दहा लाख अक्षरांमागे १० किंवा त्याहून जास्त निघाले की इम्युनोथेरपी लागू पडेल असं धरतात. एफडीएने २०२० मध्ये या मोजमापावरही पेम्ब्रोलिझुमॅबला मान्यता दिली. पण माणसाचे जन्मजात वेगळेपणाचे बदल असतात ते वजा करावे लागतात. पेशंटचं रक्तही वाचलं तर ही वजाबाकी बिनचूक होते. पैसे वाचवायला पुष्कळदा फक्त गाठ वाचतात आणि जन्मजात बदल कुठले ते जगभरच्या डेटाबेसवरून ठरवतात. आजाराशी जनुकं जोडणारे जे मोठे अभ्यास जगात झाले त्यातले २०२१ पर्यंतचे सुमारे ८६ टक्के लोक युरोपीय वंशाचे आणि आफ्रिकेचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. माणसाची जनुकीय विविधता सगळ्यात जास्त आफ्रिकेत, आणि नोंद सगळ्यात कमी तिथलीच. साहजिकच आफ्रिकन पेशंटचे कितीतरी जन्मजात बदल डेटाबेसमध्ये नसतात, ते गाठीचे म्हणून मोजले जातात आणि आकडा फुगतो. मग ज्याला उपयोग नाही त्याच्यावर लाखोंचं औषध खर्ची पडतं. उपाय आहे, सोबत रक्ताचा नमुना पाठवायचा. खर्च वाढतो, पण आकडा खरा मिळतो.

मग विश्वास ठेवावा कशावर?

त्या चार मुद्रितशोधकांच्या टेस्टवर. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन चार प्रथिनांसाठी चार स्लाइड रंगवायच्या. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळं राहतं. इथे कुठला कट-ऑफ नाही, कुठलं युरोपीय सरासरी माप नाही, प्रथिन एकतर आहे किंवा नाही.

आणि या टेस्टची एक मोठी चांगली गोष्ट म्हणजे तिची तपासणी तिच्यातच आहे. गाठीच्या शेजारी त्याच काचेवर पेशंटच्या निरोगी पेशी असतात, अस्तराच्या, लिम्फोसाइटच्या. त्यांची केंद्रकं तपकिरी व्हायलाच हवीत. त्याही निळ्याच राहिल्या तर गाठीत प्रथिन नाही असं म्हणायचं नाही, स्लाइड बिघडली असं म्हणायचं आणि परत करायची. बिघडते ती बहुतेक वेळा आधीच, ऑपरेशन थिएटरमध्ये. तुकडा काढल्यावर तो तासन्‌तास तसाच पडून राहिला, फॉर्मॅलिन कमी पडलं, बफर न घातलेलं साधं फॉर्मॅलिन वापरलं, मोठं आतडं न चिरताच डब्यात कोंबलं, की आतपर्यंत फॉर्मॅलिन पोचत नाही आणि प्रथिनं खराब होतात. दहापट फॉर्मॅलिन आणि वेळेत चिरा, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो, त्याला कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही.

लागतो तो स्लाइड बघणारा माणूस. सहाराच्या दक्षिणेकडच्या कित्येक देशांत दहा लाख लोकांमागे एकही पॅथॉलॉजिस्ट नाही. खरी अडचण ही आहे.

औषध परवडणारच नाही तर टेस्ट कशाला?

हा आक्षेप रास्त आहे, नायजेरियात बहुतेक लोक उपचाराचे पैसे स्वतःच्या खिशातून देतात. तरी टेस्ट करावी, कारण तिचा उपयोग औषधापुरता नाही.

दुसऱ्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये ही खूण असेल तर ऑपरेशननंतर नुसत्या ५-एफयूच्या केमोने फायदा होत नाही, म्हणजे ती टाळता येते. त्रासही वाचला, पैसेही वाचले.

दुसरा उपयोग कुटुंबाला. मुद्रितशोधकाचा बिघाड काहींना जन्मजात असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि तो आई-बापाकडून निम्म्या मुलांत उतरू शकतो. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप भागात एमएलएच१ जनुकातला एकच बिघाड अनेक कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. केप टाऊन विद्यापीठाच्या राज रामेसर यांच्या गटाने तो शोधला, आणि तिथले डॉक्टर कोलोनोस्कोपीची यंत्रं घेऊन दरवर्षी त्या विरळ वस्तीच्या भागात जातात. ज्यांनी नियमित तपासणी करून घेतली त्यांच्यात कॅन्सरही कमी झाला आणि मृत्यूही, हे त्यांनी २००९ मध्ये छापून दाखवलं. इतकं चांगलं काम झालंय आणि आपल्याकडे त्याचं नावही कोणी घेत नाही.

लिंचवाल्यांसाठी आणखी एक स्वस्त गोष्ट आहे, ॲस्पिरिन. कॅप-२ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८६१ जणांपैकी काहींना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दोनेक वर्षं दिलं, आणि पुढच्या पाठपुराव्यात आतड्याचा कॅन्सर १३ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांना झाला. रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून हे मनाने सुरू करायचं नाही. पण कुटुंबात बिघाड आहे हे कळण्याची किल्ली ती चार स्लाइडची टेस्टच.

औषधाच्या किमतीबद्दल एक मुंबईतली गोष्ट सांगायला हवी. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे याच जातीचं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन बघितलं, नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० चा असतो. २०२२ मध्ये निकाल आला: केमोसोबत हा छोटा डोस मिळालेल्यांपैकी वर्षभर जगलेले ४३.४ टक्के, न मिळालेल्यांपैकी १६.३ टक्के. आतड्याच्या कॅन्सरला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, तिथे वेगळी चाचणी लागेल. पण अशी चाचणी जिथे मुद्रितशोधक गेलेल्या गाठी जास्त सापडतात अशा इले-इफे किंवा घानातल्या अक्रासारख्या ठिकाणी व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि टाटाचा अनुभव तिथे कामी येऊ शकतो.

आपला यात काय संबंध?

आपल्याकडचेही पेशंट पाश्चात्त्य पुस्तकात बसत नाहीत. टाटा मेमोरियलच्या अनुभवात आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट तरुण जास्त, गुदाशयाचे जास्त. शिवाय मुंबई-पुण्यात उपचारांसाठी केनिया, टांझानिया, नायजेरियाहून पेशंट येतात, त्यांची सीबीसी आपल्याच लॅबमध्ये होते आणि त्यावर तीच १५०० ची रेघ छापलेली असते. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या पेशंटचे न्यूट्रोफिल कायम १२००-१३०० असतील आणि तब्येतीला काही नसेल, तर केमो पुढे ढकलण्याआधी डफीची टेस्ट करून घ्यावी, ती रक्तपेढीच्या पद्धतीने होते, आणि जुने रिपोर्ट असले तर त्याचा नेहमीचा आकडा काय होता तो बघावा.

बाकी घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर निघाला, मग तो इथे असो की नैरोबीत, तर बायोप्सीच्या रिपोर्टात एमएमआर किंवा एमएसआयची ओळ आहे का ते बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा, आणि ऑपरेशन वा रेडिएशन ठरण्याआधी विचारा, कारण गुदाशयाच्या बाबतीत तो निर्णयच त्या ओळीवर बदलू शकतो. हॉस्पिटल बदललं तर गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या, नुसता कागद घेऊन येऊ नका. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो आणि राहिलेली टेस्ट त्याच्यावर नंतरही करता येते.